'पहिला' कोण? 2021च्या नियमामागची पार्श्वभूमी

एखादा मेसेज सगळ्यात आधी कुणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग सेवांना ओळखता यायला हवं, असा नियम 2021मध्ये आला. त्याआधी, टोपणनावाने लिहायला आपल्याकडे कायद्याने कधी मनाई केली नव्हती. 1867च्या छापखाना कायद्यालाही लेखकाचं नाव नको होतं. मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण कागदावर असलं की भागायचं. लिहिणाऱ्याच्या पुढे कुणीतरी उभं असायचं, आणि सरकार त्याला धरायचं. 1897च्या जूनमध्ये 'केसरी'त भवानी तलवारीच्या नावाने सही केलेली कविता आली. त्या वर्षीच्या राजद्रोहाच्या खटल्यात ती पुरावा ठरली आणि 18 महिन्यांची शिक्षा संपादकाला झाली.

इंटरनेटवर असा पुढे उभा राहणारा संपादक उरला नाही. त्याच्या जागी कंपन्या आल्या, आणि 2000च्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम 79ने इतरांनी लिहिलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून त्यांना काही अटींवर संरक्षण दिलं. मग नजर वळली ती थेट लिहिणाऱ्याकडे. 2011च्या नियमांनी सायबर कॅफेवाल्याला ग्राहकाचं ओळखपत्र बघून नोंदवही ठेवायला लावली, आणि ती वर्षभर जपायला सांगितली.

'लपवण्यासारखं काही नसेल तर नाव लपवता कशाला?' असा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. नोव्हेंबर 2012मध्ये मुंबई बंद असताना पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या आणि दोघींना अटक झाली. दोघी आपापल्या खऱ्या नावानेच तिथे होत्या. आयटी कायद्याच्या ज्या कलम 66अ खाली ही कारवाई झाली, ते 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरलं. पण आडनावासकट लिहिण्याची किंमत काय असू शकते, हे तोवर अनेकांनी, विशेषतः बायकांनी, मनात नोंदवून ठेवलं होतं.

ऑगस्ट 2017मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या निकालातला एक छोटा भेद फारसा चर्चेत आला नाही, पण माझ्या मते पुढचं सगळं त्यावर तोललं जायला हवं. खासगीपणात माहिती झाकलेली असते. अनामिकतेत माहिती उघडी असते, फक्त ती कुणाची हे झाकलेलं असतं. सासरच्या छळाबद्दल किंवा ऑफिसातल्या साहेबाबद्दल लिहिणारीला मजकूर लपवायचा नसतोच. तो लोकांनी वाचावा म्हणून तर ती लिहिते.

दुसरी बाजूही खरी आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्या काळात देशभर अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या आणि त्या सुरू कुठून होतात हे पोलिसांना सापडत नव्हतं. त्याच महिन्यात भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. मूळ शोधून काढण्याची मागणी मात्र वाढतच गेली.

25 फेब्रुवारी 2021च्या नियमांत ती उतरली. 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिल्यास 'फर्स्ट ओरिजिनेटर', म्हणजे मेसेजचा पहिला पाठवणारा, ओळखता येईल अशी सोय करायची. आदेश ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरताच, आणि कमी हस्तक्षेपाचा दुसरा मार्ग असेल तर द्यायचा नाही, अशीही अट आहे. कागदावर हे वाजवी दिसतं. गुंता त्या शब्दात आहे.

2000च्या आयटी कायद्यात 'ओरिजिनेटर' म्हणजे मेसेज पाठवणारा, तयार करणारा, साठवणारा किंवा पुढे धाडणारा. थोडक्यात, मधली कंपनी सोडून ज्याच्या हातून तो गेला असा कुणीही. ही व्याख्या निर्माता शोधण्यासाठी केलेलीच नव्हती. 2021ने तिच्यापुढे 'पहिला' हा शब्द लावला आणि वर म्हटलं, की मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला तोच 'पहिला' मानला जाईल. दुबईतल्या भाच्याने पाठवलेला मेसेज नाशिकच्या मावशीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर कायद्याच्या लेखी पहिली ती. सावध करायला म्हणून कुणी दुसरीकडची क्लिप उतरवून पाठवली, तर त्या साखळीत पहिला तो. लिहिणारा कोण, हे यातून कळतच नाही.

आणि हे एकापुरतं करता येत नाही. एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे मेसेज कुलूपबंद होऊन जात असल्यामुळे, ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. उद्या कुठला मेसेज विचारला जाईल हे माहीत नसल्यामुळे आजच प्रत्येकावर खूण करून ठेवावी लागते. मजकुरावरून काढलेला सांकेतिक आकडा जपायचा, असा उपाय सुचवला गेला. पण एक स्वल्पविराम बदलला की तो आकडाही बदलतो. अफवा पसरवणारा तो बदलेल. साधा माणूस बदलणार नाही, आणि नोंद राहील ती त्याचीच.

मे 2021मध्ये, नियम लागू करण्याची मुदत संपता संपता, व्हॉट्सअ‍ॅपने त्याला दिल्लीत उच्च न्यायालयात आव्हान दिलं. एप्रिल 2022मध्ये आणखी एक आदेश निघाला: व्हीपीएन सेवांनी, म्हणजे इंटरनेटवर आपलं ठिकाण झाकू देणाऱ्या सेवांनी, ग्राहकांची नावं, पत्ते आणि संपर्क पाच वर्षं जपावेत. काही कंपन्यांनी तो पाळण्याऐवजी भारतातले सर्व्हर काढून घेतले. एप्रिल 2024मध्ये 2021च्या नियमाच्या सुनावणीत व्हॉट्सअ‍ॅपच्या वकिलांनी सांगितलं, एन्क्रिप्शन मोडायला लावलंत तर आम्हाला इथून जावं लागेल. 'ओरिजिनेटर'ची व्याख्या तेव्हाही 2000 साली होती तीच होती.