लेमियम नावाचं मूलद्रव्य का नाही: रॉक आणि रसायनाच्या क्विझ-प्रश्नांची पार्श्वभूमी

पुण्यात क्विझला जाणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहितीये. रॉकचा राउंड वेगळा, सायन्सचा वेगळा, आणि मध्येच कधीतरी क्विझमास्तर दोन्ही मिसळून एक कनेक्ट (म्हणजे समान धागा ओळखा असा प्रश्न) टाकतो, 'लेमियम कितवं मूलद्रव्य?' हा त्यातलाच, त्याच्याकडे येतोच. लेड झेपेलिन, आयर्न मेडन, निर्वाणाचं 'लिथियम'. शिसं, लोखंड, लिथियम, झालं, सिटर, म्हणजे अगदी सोपा प्रश्न. लिथियमचा फंडा जरा बरा असतो कारण त्याचे क्षार १९४९ पासून मूड ताळ्यावर आणायचं औषध म्हणून पुढे आले आणि १९९१ च्या अल्बममधल्या त्या गाण्याला तो संदर्भ आपोआप चिकटतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा म्हणजे क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, आणि त्याला कारण पाचगणी. जन्म १९४६ चा, झांझिबारमधला, मूळ आडनाव बुलसारा, पण शिकला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये आणि पहिला बँड काढला तोही तिथेच, त्यामुळे पुण्याच्या क्विझमध्ये तो घरचाच. भांडण होतं ते 'मर्क्युरी म्हणजे पारा' या उत्तरावरून. एका कॅफेतल्या क्विझमध्ये एका टीमने पाउन्स करून (म्हणजे आपली पाळी नसताना आधीच उत्तर देऊन) पारा लिहिलं, दुसरी टीम म्हणाली बुध ग्रह, क्विझमास्तरच्या स्लाइडवर पारा होतं म्हणून पहिल्यांना पॉइंट्स मिळाले. क्वीनमधल्याच सहकाऱ्याने सांगितलेली हकीकत अशी की नाव आलं क्वीनच्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यातल्या 'मदर मर्क्युरी' या शब्दांवरून. म्हणजे पारा हे उत्तर फारच ओढूनताणून आहे आणि पॉइंट्स द्यायला नको होते असं माझं स्पष्ट मत.

मूलद्रव्यांच्या बाजूने मराठी क्विझमधला जुना हुकमी प्रश्न म्हणजे हेलियमचा शोध कुठे लागला, आणि उत्तर म्हणून बिनधास्त विजयदुर्ग सांगितलं जातं. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटाकडे पाहणारे लोक गुंटूर, मछलीपट्टणम, जमखंडी अशा ठिकाणी बसले होते, ऑगस्टमध्ये भर पावसात कोकणात कोण दुर्बीण लावेल? वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ज्याने नीट मोजली तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होता, विजयदुर्गावर तो आला १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. तीस वर्षांचा फरक आहे आणि तो पुसला जातो.

आता मुख्य विषय. २८ डिसेंबर २०१५ ला मोटरहेड या रॉक बँडचा गायक लेमी गेला, सत्तरावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले होते. ३० डिसेंबरला रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जाहीर केलं की ११३, ११५, ११७ आणि ११८ या चार मूलद्रव्यांचा शोध मान्य, आता नावं ठरवायची. चाहत्यांनी दोन आणि दोन जोडले. चारही जड, लेमी हेवी मेटलवाल्यांचा देव (तो स्वतः आपल्या संगीताला नुसतं रॉक अँड रोल म्हणायचा ते सोडा), मग एकाला 'लेमियम' नाव द्या अशी ऑनलाइन याचिका निघाली आणि तिच्यावर दीड लाखांहून जास्त सह्या झाल्या. मला त्या लोकांबद्दल आदरच वाटतो, आपला माणूस गेल्यावर त्याचं नाव थेट आवर्तसारणीत कोरावं असं वाटणं ही खूप प्रेमाची गोष्ट आहे.

पण नियम काय होता ते बघा. नाव पुराणकथेतल्या पात्रावरून किंवा कल्पनेवरून (त्यात आकाशस्थ वस्तूही आल्या), खनिजावरून, ठिकाणावरून, मूलद्रव्याच्या गुणधर्मावरून नाहीतर शास्त्रज्ञावरून. गायक यात कुठेच बसत नाही. म्हणून चाहत्यांनी एका ताऱ्यालाच लेमीचं नाव दिल्याची नोंद करून घेतली, म्हणजे आकाशस्थ वस्तूच्या दारातून आत शिरता येईल. डोकं भारी चालवलं, पण अशा खाजगी नोंदणीला खगोलशास्त्रज्ञांची संघटना मान्यता देत नाही. आणि अजून एक अडचण होती जी क्विझमध्ये कोणीच सांगत नाही: २०१६ च्या नियमांनुसार आवर्तसारणीत ११७ च्या गटातल्या नावाचा शेवट 'ईन' आणि ११८ च्या गटातल्याचा 'ऑन' असा हवा, 'इयम' चालतं ते फक्त ११३ आणि ११५ ला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्यांचा असतो, सह्या करणाऱ्यांचा नाही. ११३ घ्या. जपानी गटाने बिस्मथच्या पातळ थरावर जस्ताचे अणू आदळायला २००३ मध्ये सुरुवात केली, पहिला अणू मिळाला २००४ मध्ये, दुसरा २००५ मध्ये, आणि तिसरा थेट २०१२ मध्ये. नऊ वर्षांत तीन अणू, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकेसुद्धा न टिकलेले! शिवाय १९०८ मध्ये एका जपानी रसायनशास्त्रज्ञाने 'निपोनियम' जाहीर केलं होतं, ते ४३ वं म्हणून चुकीच्या जागी बसवलं गेलं आणि नाव बाद झालं (हाती लागलं होतं ते बहुतेक आपलं आजचं रेनियम). त्यामुळे ११३ चं 'निहोनियम' (निहोन म्हणजे जपान) हे नाव त्या देशाने शंभर वर्षांनी मिळवलंय, ते सह्यांवर जायला नको होतं आणि गेलं नाही हे बरंच झालं.

नियम वाकतच नाहीत असंही नाही हां. नव्वदच्या दशकात १०४ ते १०९ वरून अमेरिकन, रशियन आणि जर्मन गटांत जोरदार वाद झाले, १९९४ मध्ये समितीने जिवंत माणसाचं नाव नको म्हणून १०६ चं सीबोर्गियम नाकारलं आणि बाकीच्यांचीही अदलाबदल केली, अमेरिकन लोक भडकले, आणि १९९७ मध्ये सीबोर्गियम शेवटी आलंच, तो शास्त्रज्ञ हयात असताना. ११८ चं ओगानेसनही हयात शास्त्रज्ञावरून. म्हणजे 'जिवंत माणूस नको' ही अट गेली, शास्त्रज्ञ असण्याची राहिली.

८ जून २०१६ ला प्रस्तावित नावं आली, पाच महिने लोकांच्या हरकतींसाठी ठेवली, आणि २८ नोव्हेंबरला निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगानेसन पक्की झाली.

रॉकवाल्यांना जागा मिळाली ती दुसरीकडे. लघुग्रहांच्या नावांचे नियम सैल आहेत, बीटल्सच्या चौघांचे ४१४७ ते ४१५० असे ओळीने लघुग्रह आहेत, आणि फ्रेडीच्या सत्तराव्या जयंतीला, सप्टेंबर २०१६ मध्ये, १७४७३ क्रमांकाचा त्याच्या नावाने जाहीर झाला. लेमीचं नाव २०१७ मध्ये ज्युरासिक काळातल्या, मगरीच्या नात्यातल्या एका समुद्री प्राण्याला लागलं, लेमीसुकस. पुढच्या वेळी कोणी 'लेमियम कितवं?' विचारलं तर ते मूलद्रव्यच नाही हे सांगून पॉइंट्स मागा, आणि क्विझ सेट करणाऱ्यांनी प्रश्न असा फिरवावा: चारपैकी कुठल्या दोघांना हे नाव निदान शेवटाच्या नियमात बसलं असतं, आणि का?