बंकरिंग
मालवाहू जहाजाच्या टाक्यांत इंधन भरण्याच्या कामाला बंकरिंग म्हणतात. कंटेनर बंदरात धक्क्याच्या बाजूने क्रेनी माल चढवत-उतरवत असतात, तेव्हाच समुद्राच्या बाजूने इंधनाचा बार्ज (तेल वाहणारी लहान नौका) जहाजाला येऊन लागतो. या धंद्यात सिंगापूर जगात पहिले. रॉटरडॅम आणि संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा हीही मोठी केंद्रे.

पुण्याला समुद्र नाही, पण चाकण-तळेगावचा बराच माल न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून (१९८९ पासून कार्यरत) परदेशी जातो. जहाजाचे इंधन महागले की इथल्या निर्यातदाराच्या बिलात बंकर सरचार्ज (इंधनापोटी लावलेला जादा आकार) वाढतो. शिवाय इंदुरीची तोलानी आणि लोणी काळभोरची मॅनेट या संस्थांत शिकलेल्या मरीन इंजिनिअरांना हे काम प्रत्यक्ष करावे लागते. तेलाची नळी (होज) जोडण्याआधी डेकवरची पाणी वाहून जाण्याची भोके बुजवतात, म्हणजे तेल सांडलेच तरी समुद्रात जात नाही. दिवसा लाल बावटा आणि रात्री लाल दिवा लावतात. पंप आधी हळू चालवतात, गळती नाही असे दिसल्यावर वेग वाढवतात आणि टाकी भरत आली की पुन्हा कमी करतात.

खरी कसोटी मोजमापात असते. टाकीत टेप सोडून तेलाची पातळी घेतात (साउंडिंग), त्यावरून घनफळ काढतात. पैसे मात्र टनावर द्यायचे असतात. तेल तापले की फुगते. हजार टनांच्या व्यवहारात तापमान १० अंशांनी चुकीचे धरले, तर सहा-सात टनांचा फरक पडतो. तेलात हवा सोडून फेस आणण्याची लबाडीही जुनीच; तिला खलाशी ‘कॅपुचिनो’ म्हणतात. सिंगापूरने २०१७ पासून बार्जवर थेट वस्तुमान मोजणारे मीटर सक्तीचे केले, ते उगाच नव्हे.

१ जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. धूर धुणारा स्क्रबर असलेल्या जहाजांना जास्त गंधकाचे स्वस्त तेल अजूनही चालते. पंपिंग सुरू असतानाच थेंबाथेंबाने नमुना गोळा करून त्याच्या बाटल्या सील करतात. त्यांपैकी एक जहाजाच्या ताब्यात किमान १२ महिने ठेवावी लागते, तर दिलेल्या तेलाची नोंद असलेली डिलिव्हरी नोट ३ वर्षे. नोटेवरचा आकडा पटला नाही, तर चीफ इंजिनिअर निषेधपत्र देतो. बार्ज सुटण्याआधी ते दिले नाही, तर पुढे भांडण जिंकणे अवघड जाते.