वही कोणाच्या हातात? डिजिटल चलनाची पार्श्वभूमी

नोट हातातून गेली की गेली. संगणकावरच्या नाण्याचे तसे नाही. ते एकाला देऊन त्याचीच प्रत दुसऱ्याच्या माथी मारता येते. यावरचा उपाय बँकांना आधीपासून ठाऊक होता. सगळी खाती एका वहीत ठेवायची आणि प्रत्येक देणेघेणे तिथे नोंदवायचे. कार्डाने पैसे देताना हेच होते. मात्र मग कोणी, कुठे, किती खर्च केला हे वही ठेवणाऱ्याला बसल्या जागी दिसते.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांना नेमके हेच खटकत होते. १९८२ मध्ये त्यांनी ‘आंधळ्या सही’ची पद्धत मांडली. पाकिटात कार्बन पेपर घालून वरून सही केली, तर ती आतल्या कागदावर उमटते, पण सही करणाऱ्याला कागदावर काय आहे ते दिसत नाही. इथे हे काम गणित करते. ग्राहक नाण्याचा क्रमांक स्वतःच ठरवतो आणि झाकून पाठवतो. बँक त्याच्या खात्यातून रक्कम कापून घेते आणि झाकलेल्या क्रमांकावर सही करते. पुढे दुकानदाराकडून ते नाणे परत आले की बँक दोनच गोष्टी तपासते: सही आपलीच आहे ना, आणि हा क्रमांक आधी खर्ची पडलेला नाही ना. नाणे मुळात कोणाला दिले होते, हे तिला सांगताच येत नाही. माझ्या मते या क्षेत्रात याहून देखणी कल्पना अजून आलेली नाही. तरी चॉम यांची डिजीकॅश कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. इंटरनेटवर लोकांचे क्रेडिट कार्डाने भागत होते. खासगीपणासाठी वेगळी खटपट करायची कोणाची तयारी नव्हती.

१९९६ मध्ये आलेले ई-गोल्ड हे सोन्यावर आधारलेले डिजिटल चलन बऱ्यापैकी चालले, पण त्याचा सगळा कारभार एका कंपनीकडे होता. २००७ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला आणि ते आटोपले.

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडून दीड महिना झाला होता, तेव्हा ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात वहीची प्रत जो ठेवील त्याच्याकडे. नवी पाने जोडण्यासाठी संगणकांनी वीज जाळून कोडी सोडवायची. नाण्यांची संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही. बँकेची गरज संपली खरी, पण प्रत्येक व्यवहार कायमचा उघड्यावर आला. नावांच्या जागी फक्त अक्षरे-अंकांचे पत्ते असतात, आणि एखादा पत्ता कोणाचा हे एकदा कळले की त्यावरचा मागचा सगळा हिशेब कळतो. चॉम यांना हवे होते त्याच्या हे बरोबर उलटे.

शिवाय मधला माणूस गेलाच नाही. नाणी खर्च करायला लागणाऱ्या गुप्त किल्ल्या (लांबलचक सांकेतिक आकडे) सांभाळण्याची कटकट नको म्हणून लोकांनी नाणी एक्स्चेंजकडे, म्हणजे नाण्यांची खरेदीविक्री करून देणाऱ्या कंपन्यांकडे, ठेवली. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोतले माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडाले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचे सांगितले गेले. त्यांपैकी दोनेक लाख पुढे सापडले. २०२२ मध्ये एफटीएक्स या एक्स्चेंजचीही तीच गत झाली. भावातल्या चढउतारांवर उपाय म्हणून डॉलरला बांधलेली स्टेबलकॉइन आली. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, आणि यूएसडीसी या नाण्याच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर तिथेच अडकले. एक डॉलरचे नाणे नव्वद सेंटच्याही खाली घसरले. सावरले ते सरकारने ठेवींची हमी घेतल्यावर!

सरकारे खडबडून जागी झाली ती जून २०१९ मध्ये, फेसबुकने लिब्रा हे स्वतःचे डिजिटल चलन जाहीर केल्यावर. ती योजना बारगळली, पण मध्यवर्ती बँका स्वतःच्या डिजिटल चलनाच्या कामाला लागल्या. बहामाने ऑक्टोबर २०२० मध्ये सँड डॉलर देशभर आणला. विखुरलेल्या बेटांवर बँकेची शाखा चालवणे परवडत नाही, तिथे याचा उपयोग उघड आहे. भीती आहे ती सगळी वही सरकारच्या हाती जाण्याची. चॉम यांनी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेतल्या एका अधिकाऱ्यासोबत २०२१ मध्ये आंधळ्या सहीवर चालणाऱ्या सरकारी चलनाचा प्रस्ताव मांडला, पण बहुतेक देशांची वाट वेगळी आहे.

दुसऱ्या धोक्याची चर्चा मात्र बँकांमध्येच जास्त होते. अफवा उठली की लोक फोनवरूनच ठेवी काढून मध्यवर्ती बँकेच्या चलनात वळवतील, रांगही लागणार नाही. म्हणून डिजिटल युरोसाठी माणशी ३,००० युरोंची मर्यादा सुचवली गेली आहे. एवढ्या रकमेत रोजचा खर्च भागेल, पण आयुष्याची पुंजी लोकांना खासगी बँकेतच ठेवावी लागेल.