प्रकल्प प्रस्ताव (स्वयंसेवी संस्थांचा)

एखाद्या सामाजिक कामासाठी निधी मागताना संस्था देणगीदारापुढे जो लेखी आराखडा ठेवते, तो प्रकल्प प्रस्ताव. संस्थांच्या बोलण्यात तो नुसता 'प्रपोजल' असतो. अडचण कोणाची, ती कुठे, किती काळात, कशा रीतीने आणि किती पैशांत सोडवणार, एवढे त्यात आले पाहिजे. देणगीसाठीचे विनंतीपत्र दात्याच्या भल्या मनावर विसंबते. प्रस्तावाचे तसे नसते. तो मंजूर झाला की त्यातले आकडे करारात जातात आणि पुढचा हिशेब त्यांवरूनच मागितला जातो.

सर रतन टाटा ट्रस्ट (१९१९) आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट (१९३२) यांसारखे न्यास भारतात फार पूर्वीपासून निधी देत आले आहेत. उद्दिष्टे, उपक्रम, निर्देशक आणि गृहीतके एका तक्त्यात बसवणारी 'लॉगफ्रेम' ही मांडणी मात्र १९६९ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत विभागासाठी तयार झाली आणि परदेशी देणगीदारांमार्फत इकडे आली. आज प्रस्तावांचा मोठा ओघ कंपन्यांकडे वळला आहे, तो कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ मुळे. १ एप्रिल २०१४ पासून लागू झालेल्या या कलमानुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. काम कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या विषयात बसावे लागते; तो विषय प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिलेला बरा. शिवाय कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कलम सांगते, त्यामुळे चाकणच्या कारखान्याकडे गडचिरोलीचे काम घेऊन जाणाऱ्याला जास्त समजावून सांगावे लागते.

मजकुराआधी कागद तपासले जातात: नोंदणी, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली १२एबी (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रे, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि २०२१ पासून सीएसआर-१ क्रमांक, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) घेण्यासाठी संस्थेने करायच्या नोंदणीचा क्रमांक. महाराष्ट्रात इथे एक नेहमीची अडचण येते. विश्वस्त बदलले तरी धर्मादाय कार्यालयातला बदल अर्ज प्रलंबित राहतो, आणि शेड्यूल वनवर, म्हणजे त्या कार्यालयाच्या नोंदवहीतल्या संस्थेच्या उताऱ्यावर, जुनीच नावे दिसतात. चांगला प्रस्ताव मग कंपनीच्या छाननीत अडकून पडतो.

समस्येच्या मांडणीत सर्वाधिक दिसणारा दोष म्हणजे उपायालाच समस्या म्हणणे. 'गावात शेततळे नाही' ही समस्या नव्हे. फेब्रुवारीत विहिरी आटतात, बायका किती लांबून पाणी आणतात, जनावरे कोणत्या महिन्यात विकली जातात, ही समस्या; शेततळे हा तिच्यावरचा एक उपाय, आणि तो इथे योग्य का, हे दाखवून द्यावे लागते. त्यासाठी पायाभूत सर्वेक्षण हवे. ते नसेल तर वर्षअखेरीस बदल मोजायचा कशाशी? 'सक्षमीकरण', 'जनजागृती' असे शब्द इथे फारसे कामाचे नसतात. बहुतेक प्रस्ताव इंग्रजीत मागितले जातात आणि कार्यकर्त्याच्या मराठी वहीतला नेमका तपशील तिकडे जाताना गळतो. ही हानी लहान नाही.

जाणता वाचक प्रस्ताव अंदाजपत्रकापासून उघडतो. उपक्रमांत चाळीस प्रशिक्षणे आणि प्रवासखर्चात दहांचेच पैसे असतील, तर लिहिणाऱ्याने काम मनात पुरते करून पाहिलेले नाही हे लगेच कळते. भविष्यनिर्वाह निधी, लेखापरीक्षकाची फी, दुसऱ्या वर्षाची पगारवाढ या बाबी हमखास राहून जातात. स्वतःचा वाटा दाखवताना श्रमदानही रुपयांत मांडता येते, पण दर वाजवी हवा.

प्रशासकीय खर्चाबाबत एक गैरसमज घट्ट रुजला आहे. २०२१ च्या सीएसआर नियमांतली ५ टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, राबवणाऱ्या संस्थेच्या नव्हे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने तसे स्पष्टही केले आहे. तरीही ती संस्थांच्या अंदाजपत्रकाला लावली जाते आणि संस्था निमूटपणे मान्य करतात. परकीय निधीची गोष्ट वेगळी. तिथे परकीय योगदान (नियमन) कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने संस्थेच्याच प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. त्यामुळे क्षेत्रकार्यकर्त्याचे मानधन कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, हे प्रस्ताव लिहितानाच ठरवावे लागते.

याच दुरुस्तीने परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आणली. त्याआधी मोठ्या संस्था एक प्रस्ताव लिहीत आणि मिळालेला निधी तालुक्यातल्या छोट्या संस्थांना वाटून देत. आता त्या छोट्या संस्थांना आपले प्रस्ताव आपणच लिहावे लागतात, अनेकदा हिशेबनीसाच्याच हातून.