वाट आधी, व्ह्यू नंतर: सह्याद्रीतले कडे, नाळी आणि पॉइंट यांची पार्श्वभूमी

हरिश्चंद्रगडावरून आलेल्या कुणालाही विचारा काय बघितलंस, पहिलं नाव येणार कोकणकड्याचं. आता गडावरचं जुनं काम आठवून बघा. मंदिर, पुष्करणी, केदारेश्वराची गुहा, लेणी, पाण्याची टाकी, सगळं कड्यापासून लांब, ओढ्यापाण्याच्या बाजूला. शेकडो वर्षं लोक इथे आले, राहिले, तप केलं, कातळ कोरत बसले, पण कड्याच्या धारेवर निवांत बसून खाली बघायला म्हणून एखादा ओटा, एखादी देवळी, असलं काही मला तरी तिथे कधी दिसलं नाही. त्यांना तो कडा सुंदर वाटत नसेल असं नाही, वाटत असणारच, पण नुसतं बघायला म्हणून डोंगर चढायचा ही सवय आपल्याकडे जेमतेम दोनशे वर्षांची आहे. त्याआधी आपण ज्यांना आज 'स्पॉट' म्हणतो त्या जागा वाटेच्या होत्या, पाण्याच्या होत्या, पहाऱ्याच्या आणि जकातीच्या होत्या.

पण हे कडे मुळात आले कुठून ते आधी बघू, कारण बाकी सगळं त्यावरच उभंय. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर यायला लागला. एक मोठा ज्वालामुखी, त्याचं तोंड, त्यातून उडणारी आग असलं चित्र डोक्यातून काढून टाका, ट्रेकला कुणीतरी हमखास गोल डोंगराकडे बोट दाखवून 'हा पूर्वी ज्वालामुखी होता' असं सांगतोच आणि ते बहुतेक वेळा चूक असतं. हा लाव्हा पातळ होता, पसरला, थंड झाला, मग त्याच्यावर दुसरा थर, मग तिसरा. यातला बराचसा लाव्हा दहाएक लाख वर्षांच्या आतच बाहेर आला असं आता मानतात. आज उरलेला पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात या थरांची एकावर एक रास दोन किलोमीटरच्या वर जाते. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून तो आलाय. कोकणातून सह्याद्रीकडे बघितलं की कळतंच का ते.

या जिन्याची गंमत अशी की प्रत्येक थर सारखा टणक नाही. जो थर घट्ट, त्याचा उभा कडा राहतो. ज्यात हवेचे बुडबुडे अडकून राहिले, जो भुसभुशीत झाला, तो झिजून आत जातो आणि तिथे सपाटी तयार होते. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टा दिसतो, म्हणजे एक थर ओतून झाल्यावर पुढचा यायच्या आधी मधे बराच काळ गेला, वरचा भाग कुजून त्याची माती झाली आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. कड्याला बिलगून जाणारी आडवी वाट अशा मऊ पट्ट्यावरून जाते तेव्हा पायाखाली घसारा का आहे याचं उत्तर तिथेच असतं. दरीच्या पलीकडच्या डोंगरावर बघा, तिथेही त्याच उंचीला तोच पट्टा दिसेल, कारण मधली दरी नंतरची. सुळक्याचंही तेच, सुळका काही जमिनीतून उगवून वर आलेला नसतो, त्याच्या आजूबाजूचं सगळं गेलेलं असतं आणि तो मागे राहिलेला असतो. जीवधनच्या शेजारचा वानरलिंगी, ज्याला खडा पारशी पण म्हणतात, तो बघताना हे ध्यानात ठेवा, जास्त भारी वाटतो.

आणि हे सगळं पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी डोंगरातल्या लोकांनी याला शब्द देऊन ठेवलेत. डोंगराच्या अर्ध्या उंचीवर जी सपाटी असते तिला 'पदर' म्हणतात, लुगड्याचा पदर जसा खांद्यावरून खाली येऊन पसरतो तशी ती दिसते म्हणून, आणि आता तुम्हाला माहितीये की पदर म्हणजे टणक थराच्या डोक्यावरचा मऊ थर झिजून गेला तिथली पायरी. माथ्याजवळ कातळाला आरपार भोक पडलं की ते 'नेढं', सुईचं असतं तसंच, रतनगडाच्या माथ्यावर आहे, राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे. दोन्ही बाजूंनी वारापाऊस खाऊन खाऊन मधला कच्चा भाग निघून जातो आणि वरचा घट्ट थर छतासारखा राहतो. नाळ, नळी, घळ, खिंड, धार, दांड, बेचकं, सुळका, माची. यातल्या प्रत्येक शब्दात 'इथून जाता येईल का आणि कसं' याची माहिती भरलेली आहे. नाळ म्हटलं की मोठाले धोंडे, कड्यात चिरलेली वाट आणि पावसात पाण्याचा लोंढा. दांड म्हटलं की मोकळी चढण, ऊन लागणार पण वाट चुकणार नाही. इंग्रजीत यातलं बरंचसं 'गली' आणि 'रिज' या दोन शब्दांत उरकतं.

घळींचं बघायचं तर सांदण घ्या. भंडारदऱ्याच्या मागे साम्रद गावाजवळ, रतनगडाच्या पायथ्याशी. नावातच सांद आहे, सांदीकोपऱ्यातली. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या चिरा पडतात, पाणी अशी एखादी चीर धरतं आणि खाली खाली कापत जातं, बाजूला पसरत नाही कारण दोन्हीकडचा कातळ टणक. म्हणून भिंती इतक्या जवळ आणि इतक्या उंच, तळाला ऊन पोचता पोचत नाही. शेवटी घळ कोकणाच्या बाजूला कोसळते, तिथे दोर लावूनच उतरावं लागतं. पावसाळ्यात आत जायचं नाही हे सांगायला लागू नये, ती पाण्याचीच वाट आहे, आपण फक्त ती रिकामी असताना वापरतो. पाणी कातळाशी काय करतं ते दुसऱ्या टोकाला बघायचं तर निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघा, तिथे प्रवाहात गोटे गोल गोल फिरून फिरून कातळात अक्षरशः रांजण कोरून निघालेत.

पश्चिमेचा एकूण उतारच इतका अंगावर येणारा का, तर भारताचा पश्चिम किनारा फाटून सेशेल्सचा भूभाग वेगळा झाला त्यानंतर ही बाजू समुद्राच्या अगदी जवळ आली, नद्या आखूड आणि तीव्र झाल्या. महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री शेजारी शेजारी निघतात, कृष्णा हजार किलोमीटरच्या वर फिरून बंगालच्या उपसागराला मिळते आणि सावित्री दोन पावलात अरबी समुद्राला. इतक्या कमी अंतरात इतकं खाली जायचं म्हटल्यावर ती डोंगर कापणारच. मूळ कडा आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता आणि झिजत झिजत मागे सरकत इथवर आला असं भूशास्त्रज्ञ मानतात, म्हणजे कोकणकडा हा सरकता कडा आहे, फक्त आपल्या आयुष्यात ते कळत नाही.

माणसाच्या बाजूने बघायचं तर सुरुवात नाणेघाटापासून. जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरवायचा तर कडा कुठेतरी फोडायला हवा, आणि सातवाहनांच्या काळात ही नाळ वापरात होती याचा पुरावा तिथल्या लेण्यात भिंतीवर कोरलेलाच आहे, राणी नागनिकेचा लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यात यज्ञांच्या दानाचे आकडे आहेत आणि अंक कसे लिहायचे याचे हे आपल्याकडचे फार जुने नमुने. वर दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणतात. आज सगळी गर्दी नानाच्या अंगठ्यावर, म्हणजे घाटाच्या तोंडाशी असलेल्या अंगठ्यासारख्या कड्यावर असते, पावसाळ्यात तर उलटं उडणारं पाणी बघायला, आणि लेण्यात मोबाइलचा टॉर्च मारून लेख बघणारा एखादाच.

मग किल्ले. किल्ला म्हणजे आयता कडा तटबंदी म्हणून वापरायचा आणि उरलेल्या जागी पायऱ्या खोदायच्या. हरिहरच्या उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्या आता रीलमुळे सगळ्यांना पाठ आहेत. १८१८ मध्ये मराठी राज्य गेल्यावर इंग्रजांनी नाशिक भागातल्या किल्ल्यांचे हेच मार्ग सुरुंग लावून उडवले, कारण पुन्हा कुणी वर जाऊन बसायला नको. अलंग आणि मदनला आज दोर लागतो तो डोंगर अवघड आहे म्हणून नाही, मधल्या पायऱ्या गायब आहेत म्हणून. आपण ज्याला थरारक पॅच म्हणतो ती एका राजवटीची तोडफोड आहे! हरिहरच्या पायऱ्या मात्र वाचल्या.

गंमत म्हणजे ज्यांनी वाटा बंद केल्या त्यांच्यातलेच काही जण लगेच वहीपेन्सिल घेऊन वर चढायला लागले. लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी, १८२४ पासून दख्खनभर फिरला, पिकं, पक्षी, मासे, पाऊस, दगड, सगळं लिहून काढलं. लाव्ह्याचे हे आडवे थर कसे मैलोन्मैल चाललेत ते सविस्तर मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो येतो. १८३५ मध्ये लंडनमध्ये छापून आलेल्या त्याच्या हवामानावरच्या निबंधात हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, घाटाच्या धारेवर, धुक्यात दिसलेल्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन आहे, मधोमध बघणाऱ्याची सावली. ट्रेकर लोक त्याला इंद्रवज्र म्हणतात. कडा पश्चिमेला तोंड करून आहे त्यामुळे सकाळचं ऊन पाठीमागून आणि धुकं समोर खाली असं जुळून आलं तर दिसतं, नाहीतर चार चकरा फुकट.

'पॉइंट' ही गोष्ट मात्र पक्की महाबळेश्वरची. जनरल लॉडविक १८२४ ला वर चढला, थंड हवा बघून आजारी साहेबांसाठी जागा हवी म्हणून चक्रं फिरली, आणि १८२९ मध्ये गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाईकडच्या खंडाळा गावाच्या (लोणावळ्याजवळचं नव्हे) बदल्यात ती जमीन घेतली. मग एकेका कड्याला नावं लागत गेली. नाकेखिंडीचा केट्स पॉइंट झाला, माल्कमच्या मुलीच्या नावाने. सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट. आर्थर सीटचा आर्थर मॅलेट, याची बायको आणि लहान मूल सावित्रीत बुडून गेलं होतं आणि तो सावित्रीच्याच दरीकडे बघत बसायचा अशी आठवण सांगतात. त्याचा भाऊ ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर, त्याने १८५० मध्ये माथेरान 'शोधलं', म्हणजे वर राहणाऱ्या लोकांना ते माहीत होतंच. आणि या दोघांचा बाप चार्ल्स मॅलेट, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील. बाप पुण्यात तहाची बोलणी करत बसायचा आणि दोन पोरांची नावं आज दोन हिल स्टेशनांना चिकटलीत, एवढ्या जवळजवळच्या पिढ्यांत हे सगळं झालंय.

रेल्वे आल्यावर, म्हणजे १८६३ ला बोरघाट आणि १९०७ ला माथेरानची छोटी गाडी, पॉइंट बघणं मुंबईच्या मध्यमवर्गालाही परवडायला लागलं. दोर लावून सुळके चढायचं वेड त्यानंतरचं, स्वातंत्र्यानंतर मुंबईत गिरिविहारसारखे क्लब निघाले, १९५४ ला, आणि खंडाळ्याची नागफणी, जिला ड्यूक्स नोज म्हणतात, अशा जागांवर लोक कातळ शिकायला लागले. पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

नावांचा हिशोब मात्र पुढे थोडा फिटला. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी या थरांचे नमुने घेऊन, त्यातली रसायनं तपासून थरांचे गट पाडले आणि गटांना नावं दिली ती साहेबांची नाहीत, गावांची आणि घाटांची: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशी. जगातला कुणीही या लाव्ह्यावर पेपर लिहायला बसला की त्याला ही नावं लिहावी लागतात. त्यांच्या वरचे तीन गट ओळीने बघायचे तर पोलादपूरहून एसटी पकडा आणि खिडकीकडे बसा, घाट चढताना खालचा गट पोलादपूर, मधला आंबेनळी, माथ्यावरचा महाबळेश्वर.