लाम चिंग-यिंग खरोखरचे दाओवादी पुरोहित होते का?

हाँगकाँगचे अभिनेते लाम चिंग-यिंग हे प्रत्यक्षातही भुते उतरवणारे दाओवादी (दाओ या प्राचीन चिनी धर्मपरंपरेतले) पुरोहित होते, हा अनेक वर्षे फिरणारा समज चुकीचा आहे. लहानपणी त्यांनी पेकिंग ऑपेराचे, म्हणजे गायन, अभिनय आणि कसरती यांचा मेळ असलेल्या पारंपरिक चिनी रंगभूमीचे, कठोर शिक्षण घेतले, पुढे स्टंटमन म्हणून ब्रूस ली यांच्या चित्रपटांत काम केले आणि १९८१ च्या ‘द प्रॉडिगल सन’मध्ये विंग चुन या चिनी युद्धकलेचे गुरू साकारले. पिवळा झगा आणि जोडलेली भुवई ही ओळख त्यांना १९८५ च्या ‘मिस्टर व्हँपायर’ चित्रपटातील दाओवादी पुरोहिताच्या भूमिकेने दिली, तेव्हा अवघ्या बत्तीस वर्षांच्या या नटाला रंगभूषेने वयस्क केले होते. मंत्रोच्चाराच्या वेळची हातांची जी डौलदार, नेमकी हालचाल पाहून प्रेक्षकांना त्यांच्या दीक्षेची खात्री पटते, ती मला ऑपेरातील तालमीचीच देणगी वाटते, आणि तिचे श्रेय त्या मेहनतीलाच मिळायला हवे.