तांबड्या पेशी किती वाकतात: प्राण्यांमधल्या मोजणीची पार्श्वभूमी

आपल्या कोल्हापूरजवळ राधानगरीच्या जंगलात पिसोरी हरीण आहे, जेमतेम सशापेक्षा थोडं मोठं, रात्रीचं फिरणारं, त्यामुळं फार थोड्यांनी बघितलेलं. त्याच्या आग्नेय आशियातल्या भाऊबंदांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी सस्तन प्राण्यांत सगळ्यात बारीक, रुंदी साधारण 2 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बकरीची 4 च्या आसपास, माणसाची साडेसात-आठ, हत्तीची 9 च्या पुढं. ही मापं घेण्यात जॉर्ज गलिव्हर या ब्रिटिश लष्करी सर्जननं आयुष्य घातलं आणि 1875 ला मोठा तक्ता छापला, त्याचं खरंच कौतुक वाटतं.

पण साईज कळली म्हणून पेशी वाकते किती ते कळत नाही. वाकते हे सूक्ष्मदर्शकातून रक्त बघणाऱ्या डच लेव्हेनहुकनं 1675 लाच लिहून ठेवलेलं, की निरोगी माणसाच्या या गोळ्या बारीक नळीतून जाताना लांबट होतात आणि मोकळी जागा मिळाली की परत गोल. त्याचा नीट आकडा मिळायला मात्र जवळजवळ तीनशे वर्षं गेली, कारण तसं साधनच नव्हतं. 1964 ला रँड आणि बर्टन या संशोधकांनी काचेच्या अतिबारीक नळीनं पेशीचा पापुद्रा आत ओढून त्याला किती दाब लागतो ते मोजलं, पण एका वेळी एकच पेशी, म्हणजे दहा प्राण्यांची तुलना करायची तर किती वेळ जाणार बघा!

खरा फरक पडला 1970 च्या दशकात, मार्सेल बेसी आणि नार्ला मोहनदास या संशोधकांच्या एक्टासायटोमीटरनं, म्हणजे पेशी किती ताणली जाते ते मोजणाऱ्या यंत्रानं. घट्टसर द्रवात थोडं रक्त मिसळून ते दोन सिलिंडरच्या फटीत फिरवायचं आणि त्यातून लेसर सोडायचा, पेशी ताणल्या की पलीकडचा गोल ठिपका लांबट होतो आणि हजारो पेशींचं सरासरी उत्तर एकदम मिळतं. मग 1979 ला स्मिथ, मोहनदास आणि शोहेट यांनी याच पद्धतीनं वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांचं रक्त तपासलं.

यात मला सगळ्यात भारी वाटतो तो उंट. त्याच्या पेशी मुळातच अंडाकृती आणि इतक्या कडक की माणसाची पेशी जिथं मस्त ताणली जाते तिथं त्या जवळपास तशाच राहतात. माणसात एवढा कडकपणा दिसला तर डॉक्टर आजार शोधायला लागतील, पण उंट धडधाकट असतो, उलट तहानलेला उंट भरपूर पाणी प्यायला तरी त्या पेशी फुगतात पण फुटत नाहीत. बकरीच्या बारीक पेशींनाही ताणायला जास्त जोर लागतो, म्हणून माणसाची नॉर्मल रेंज घेऊन बकरीचा रिपोर्ट वाचणं चूकच, प्रत्येक प्राण्याची तुलना त्याच जातीच्या निरोगी जनावराशी करायला पाहिजे.